रुस्तुम : एका नावाचा प्रवास

आमच्या घरात गेल्या वर्षी एका नावावरून वाद झाला. पुतण्याला मुलगा झाला. अकिक्याच्या आदल्या रात्री नावाचा विषय निघाला, तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे पुतण्याच्या फुफीने, आमच्या आजोबांचे नाव सुचविले : रुस्तुम. पुतण्याच्या सासरकडून आलेला एक तरुण हाफिज अदबीने पण ठामपणे म्हणाला, "हे मजूसींचे नाव आहे. अग्निपूजकांचा पहिलवान. शिवाय कादिसियाच्या मैदानात मुसलमानांविरुद्ध लढलेला सेनापतीही रुस्तुमच. मुलाला असे नाव कशासाठी?" फुफी गप्प झाली. पुतण्या माझ्याकडे पाहू लागला. मी इतिहासाचा मास्तर, म्हणून उत्तराची जबाबदारी माझ्यावर आली. त्या रात्री मला नीट बोलता आले नाही. जे सुचले ते नंतर, म्हणून येथे लिहितो आहे.

पहिली गोष्ट ही की त्या तरुणाचे म्हणणे चुकीचे नाही. रुस्तुम हे नाव इस्लामपूर्व इराणचे आहे. अवेस्तात ते आढळत नाही, पण पहलवी भाषेत 'रोदस्तहम' या रूपात ते येते. त्याचा दुसरा भाग 'तख्म' म्हणजे बलवान, शूर. तहमास्प आणि तहमीना या नावांतही हाच शब्द आहे. पहिल्या भागाबद्दल दोन मते आहेत. कोणी त्याचा अर्थ वाढ, अंगाचा बांधा असा करतात, तर कोणी नदी. नदी हा अर्थ घेतला तर प्राचीन फारसीतील 'रौतह्' आणि संस्कृतातील 'स्रोतस्' हे एकाच कुळातले शब्द ठरतात. म्हणजे 'नदीसारख्या जोराचा' असा हा माणूस, आणि आपण मराठीत 'स्रोत' म्हणतो तेव्हा त्याच्या नावाचा अर्धा भाग नकळत उच्चारत असतो. फिर्दौसीने मात्र भाषाशास्त्राची पर्वा केलेली नाही. त्याच्या कथेत रुदाबाचे पोट चिरून बाळ बाहेर काढावे लागते, आणि शुद्धीवर आल्यावर ती म्हणते, मी सुटले. त्या 'सुटले'साठी असलेल्या फारसी शब्दावरून मुलाचे नाव पडते. बाळंतिणीच्या तोंडून निघालेला हा अर्थ मला पंडितांच्या दोन्ही अर्थांपेक्षा अधिक आवडतो.

आता अरबस्तानाकडे वळू. रुस्तुमचे नाव तेथे इस्लामी फौजांनी इराण जिंकल्यानंतर पोहोचले असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. इब्न इस्हाकच्या सीरतमध्ये नज्र बिन हारिस या कुरैश सरदाराचा उल्लेख आहे. हा हीरा येथे जाऊन इराणी राजांच्या, रुस्तुम आणि इस्फंदियारच्या कहाण्या शिकून आला होता. रसूलुल्लाह (स.) लोकांना अल्लाहचा संदेश सांगून उठले की हा त्यांच्या जागी बसे आणि म्हणे, माझ्या गोष्टी ऐका, त्या अधिक रंजक आहेत. सूरह लुकमानच्या सहाव्या आयतीचा संबंध अनेक मुफस्सिरांनी याच माणसाशी जोडला आहे. बद्रच्या लढाईनंतर तो मारला गेला. म्हणजे रुस्तुमच्या नावाची मुसलमानांशी पहिली ओळख झाली ती विरोधकाच्या तोंडून. दुसरी ओळख तर रणांगणावरच झाली. इ. स. ६३६च्या सुमारास कादिसिया येथे हजरत साद बिन अबी वक्कास यांच्या समोर सासानी फौजेचा सेनापती म्हणून उभा होता तो रुस्तुम फर्रुखजाद. तो तेथेच पडला.

एवढ्यावर थांबले तर हाफिजसाहेबांचा मुद्दा सिद्ध होतो. अडचण अशी की इतिहास तेथे थांबला नाही.

कादिसियानंतर दीडशे वर्षेही झाली नव्हती. आजच्या अल्जीरियात ताहर्त नावाचे नगर होते. तेथे इबादी पंथाच्या मुसलमानांनी आपला इमाम निवडला. त्याचे नाव अब्दुर्रहमान बिन रुस्तम. इराणी वंशाचा हा माणूस कैरवानमध्ये वाढला, बसऱ्याला जाऊन इल्म शिकला आणि मगरिबमध्ये इमाम झाला. त्याचे घराणे इतिहासात 'रुस्तमी' म्हणूनच ओळखले जाते. आठव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ९०९मध्ये फातिमींनी ताहर्त घेईपर्यंत ते टिकले. साधेपणाने राहणारे, विद्येची कदर करणारे इमाम अशी त्यांची कीर्ती आहे. सेनापती रुस्तुम फुरातच्या काठी पडला आणि त्याच नावाच्या एका माणसाचा मुलगा सहाराच्या उंबरठ्यावर मुसलमानांचा इमाम झाला. वडिलांचे नाव लपवावे असे त्या मुलाला वाटले नाही, आणि त्याला इमाम निवडणाऱ्या बर्बर मुसलमानांनाही ते खटकले नाही.

त्याच काळाच्या आगेमागे गणितज्ञ अबू सहल अल्-कूही होऊन गेला. त्याच्या वडिलांचे नाव रुस्तम. रय् येथे बुवैही राजा मज्दुद्दौला होता, त्याचे स्वतःचे नाव रुस्तम. या शेवटच्या रुस्तुमची गोष्ट जरा करुण आहे. १०२९मध्ये महमूद गझनवीने त्याला पकडले. इब्नुल असीरने दोघांची प्रश्नोत्तरे दिली आहेत. महमूदने विचारले, शाहनामा वाचला आहेस? हो. बुद्धिबळ खेळतोस? हो. मग एका शाहाने दुसऱ्या शाहाच्या घरात शिरलेले कधी पाहिलेस? नाही. तर मग आपणहून माझ्या हाती कसा आलास? नाव रुस्तुम ठेवल्याने कोणी रुस्तुम होत नाही, हे त्याही काळी लोकांना ठाऊक होते!

नावांच्या बाबतीत पहिल्या पिढीचा रिवाज काय होता, याचे एक उदाहरण येथे दिलेच पाहिजे. रसूलुल्लाह (स.) यांनी वाईट अर्थाची नावे बदलली, हे सर्वांना माहीत आहे. पण यमनमध्ये राहणारे इराणी वंशाचे सहाबी हजरत फीरोज दैलमी यांचे नाव फारसी होते, आणि ते फीरोजच राहिले. पैगंबरीचा खोटा दावा करणाऱ्या अस्वद अन्सीला त्यांनीच ठार केले. पुढे हजरत उमर (रजि.) यांच्यावर ज्याने खंजीर चालविला त्या अबू लूलूचे नावही फीरोजच. तरीही मारेकऱ्याचे नाव म्हणून मुसलमानांनी फीरोज टाकून दिले नाही. दिल्लीचा तुघलक सुलतान फीरोजशाह, गुलबर्ग्याचा बहमनी सुलतान फीरोजशाह, आपल्या गल्लीतले दहा-बारा फिरोज, सगळे त्याचे साक्षीदार आहेत. फिरोज चालतो, परवेज चालतो, शिरीन चालते, मग रुस्तुमनेच काय घोडे मारले आहे? मी मुफ्ती नाही. इतिहास काय सांगतो एवढेच मांडतो आहे.

पूर्वेकडेही हे नाव फार लांब गेले. चीनच्या दुनहुआंग येथील लेण्यांतील पोथ्यांमध्ये सोग्दी भाषेतला एक त्रुटित मजकूर सापडला. त्यात रुस्तुम रख्शवर बसून देवांशी, म्हणजे राक्षसांशी लढतो. ताजिकिस्तानातील पंजीकंट येथे आठव्या शतकातल्या एका घराच्या भिंतीवर त्याच्या मोहिमा निळ्या पार्श्वभूमीवर रंगविलेल्या होत्या. ती चित्रे आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिताज संग्रहालयात आहेत. फिर्दौसीने शाहनामा १०१०मध्ये पुरा केला, म्हणजे ही चित्रे त्याच्या अडीचशेहून अधिक वर्षे आधीची. अर्मेनियाचा इतिहासकार मोवसेस खोरेनात्सी तर रुस्तुमच्या अंगात एकशे वीस हत्तींचे बळ होते असे लिहून गेला. लोकांना ज्याचा कर्ता आठवत नाही ते त्याच्या नावावर टाकायचे, अशीही रीत पडली. इराणात पर्सेपोलिसजवळ हखामनी सम्राटांच्या कबरी कड्यात कोरलेल्या आहेत. त्या कोणाच्या हे लोक विसरले आणि त्या जागेला 'नक्श-ए-रुस्तम' म्हणू लागले. अफगाणिस्तानातल्या समंगान येथे खडकात कोरलेला बौद्ध स्तूप आहे. त्याचे आजचे नाव 'तख्त-ए-रुस्तम'. बुद्धाच्या स्तूपाला पहिलवानाचे आसन समजणाऱ्या त्या खेडुतांना नावे ठेवावीशी वाटत नाहीत. आपल्याकडे प्रत्येक जुन्या लेण्याला पांडवांचे नाव देतात, त्यातलाच हा प्रकार.

उस्मानी दरबारात सुलतान सुलेमानचा जावई आणि वजीर-ए-आजम रुस्तुम पाशा हा बाल्कन प्रदेशातल्या ख्रिस्ती घरातून आलेला. त्याचा मृत्यू १५६१चा. इस्तंबूलमधली त्याची मशीद इझनिकच्या निळ्या फरशांसाठी आजही पाहिली जाते. जॉर्जियात कार्तलीच्या गादीवर १६३३मध्ये सफवींच्या पाठिंब्याने खुस्रो मिर्झा बसला, तो रोस्तोम हे नाव घेऊन. राजा मुसलमान, राणी मरियम ख्रिस्ती, आणि नाव प्राचीन इराणचे. त्याच जॉर्जियातल्या तिफ्लिस शहरात जन्मलेला एक अर्मेनियन मुलगा पळवून नेला गेला, गुलाम म्हणून कैरोपर्यंत विकला गेला आणि १७९९मध्ये नेपोलियनला भेट दिला गेला. रुस्तम रजा त्याचे नाव. पुढची पंधरा वर्षे पगडी बांधलेला हा रुस्तम सम्राटाच्या दाराशी झोपत असे. इंडोनेशियात पडांगच्या रुस्तम एफेंदीने १९२६मध्ये 'बेबासारी' हे पद्यनाटक लिहिले आणि पुढे तो हॉलंडच्या संसदेत बसला. आपल्या काळात २००४चा जागतिक बुद्धिबळ विजेता उझबेकिस्तानचा रुस्तम कासिमजानोव्ह. रशियातल्या तातारस्तानचे प्रमुख २०१०पासून रुस्तम मिन्निखानोव्ह, तर त्याच रशियाशी लढणाऱ्या युक्रेनचे २०२३ ते २०२५ या काळातले संरक्षणमंत्री क्रिमियन तातार रुस्तेम उमेरोव्ह. कादिसियाच्या वेळी रुस्तुम निदान एकाच बाजूला होता!

आणि आपल्याकडे? आपल्याकडे रुस्तुम म्हटले की मुंबईकराला पारशी आठवतो. ते साहजिक आहे. सुरतेचा दलाल रुस्तम माणेक सतराव्या शतकातला, भायखळ्याची रुस्तम बाग तर सर्वांच्या परिचयाची. २०१६च्या 'रुस्तम' चित्रपटातला नौदल अधिकारीही पारशीच. पण दख्खनेत हे नाव आदिलशाहीतून आले. रणदुल्लाखानाला 'रुस्तुमे जमा' हा किताब होता. त्याच्याच हाताखाली शहाजीराजे कर्नाटकच्या मोहिमेवर होते. पुढे त्याच किताबाच्या त्याच्या मुलाचा १६५९च्या डिसेंबरात कोल्हापूरजवळ शिवाजी महाराजांनी पराभव केला. मराठी बखरींना आणि पोवाड्यांना त्यामुळे हे नाव परके नाही. नंतर ते तालमीत शिरले. गामा पहिलवान 'रुस्तुम-ए-हिंद' झाला आणि मग 'रुस्तुम-ए-जमा'. कोल्हापूरचे दादू चौगुले, लातूरचे हरिश्चंद्र बिराजदार हे दोघेही 'रुस्तुम-ए-हिंद'. लाल मातीत या किताबाचा धर्म कोणी विचारला नाही. मराठवाड्यात तर हे नाव मुसलमानांपुरतेही उरले नाही. औरंगाबादचे लोककलांचे अभ्यासक आणि 'गावकी' या आत्मकथनाचे लेखक डॉ. रुस्तुम अचलखांब हे आंबेडकरी चळवळीतले. मराठीने 'रुस्तम'चा 'रुस्तुम' केला, दुसऱ्या अक्षराला उकार दिला आणि त्याला आपल्या घरात घेतले.

'रणांगण'कार विश्राम बेडेकर यांनी १९६३मध्ये 'रुस्तम सोहराब' हा चित्रपट दिग्दर्शित केला. पृथ्वीराज कपूर रुस्तुम, सुरैयाचा तो शेवटचा चित्रपट, संगीत सज्जाद हुसेन यांचे. अब्बांनी तो पाहिला होता आणि त्याची कथा ते आम्हाला सांगत. मोठेपणी शाहनाम्यातला तो प्रसंग वाचला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, जी अब्बांनी सांगितली नव्हती किंवा मी ऐकली नव्हती. सोहराब समोरच्या योद्ध्याला विचारतो, तू रुस्तुम तर नाहीस? आणि रुस्तुम नाही म्हणतो. तो आपले नाव लपवितो. मुलाच्या छातीत खंजीर गेल्यावर मुलगा म्हणतो, माझा बाप रुस्तुम याचा सूड घेईल. मग बाजूबंद दिसतो. सारे शोकपर्व त्या एका नकारातून उभे राहिले आहे. आणि हा रुस्तुम तरी शुद्ध इराणी कोठे? त्याची आई रुदाबा काबूलच्या मेहराबची मुलगी, आणि मेहराब जहाकच्या वंशातला. जहाक हा फिर्दौसीच्या कथेत अरब आहे. म्हणजे इराणच्या सर्वांत मोठ्या वीराच्या अंगात आईकडून अरब रक्त आहे, आणि त्याच्या मुलाची आई समंगानची, तुराणच्या बाजूची.

हे सारे मी हाफिजसाहेबांना नंतर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. हजरत फीरोज दैलमींचे नाव त्यांना माहीत होते. ते फारसी आहे हे लक्षात आले नव्हते, असे ते मोकळेपणाने म्हणाले. तरीही अरबी नाव अधिक बरे, हे त्यांचे मत कायम राहिले. मी आग्रह धरला नाही. आजकाल आमच्या भागात दगडू, बाबू, चाँद, गुलाब, रुस्तुम ही नावे फक्त मतदारयादीच्या वरच्या वयोगटात सापडतात. ती गेली ती कोणी फतवा काढल्यामुळे नव्हे. आपलीच नावे आपल्याला अपुरी, कमी मुसलमान वाटू लागली. आणि नाव ऐकून माणसाला बाजूला काढणाऱ्यांना नाव अरबी की फारसी याच्याशी कर्तव्य नसते, हेही खरेच.

पुतण्याने शेवटी दोघांचेही ऐकले. मुलाचे नाव मोहंमद रुस्तम ठेवले. जन्माचा दाखला आणायला तो गेला, तेव्हा कारकुनाने मराठी वळणाने 'रुस्तुम' लिहून दिले. "चाचा, दुरुस्त करून घेऊ का?" त्याने विचारले. मी कपाटातून जुना सातबारा काढला. त्यावर आजोबांचे नाव तसेच आहे, उकारासह. राहू दे म्हटले.