कीबोर्ड मोड (टर्मिनल एम्युलेटर)

टर्मिनल एम्युलेटरमध्ये एखादी कळ दाबल्यावर पलीकडच्या प्रोग्रामला कोणती अक्षरे पाठवायची, हे ठरवणारी स्थिती. टर्मिनलच्या जोडणीतून फक्त अक्षरांचे संकेतांक जातात. ‘वरचा बाण दाबला’ असा निरोप जात नाही. त्यामुळे बाण, फंक्शन कळा वगैरेंसाठी ‘एस्केप’ने (आस्की संकेतांक २७) सुरू होणारी अक्षरमाला पाठवली जाते आणि मोड बदलला की तीही बदलते.

उगम : आजचे बहुतेक संकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या १९७८ मधील व्हीटी१०० या टर्मिनलवरून आले आहेत. एक्सटर्म, पुटी इत्यादी एम्युलेटर तेच पाळतात.

बाणांचा मोड : नॉर्मल मोडमध्ये वरचा बाण एस्केप, डावा चौकटी कंस आणि कॅपिटल ए अशी माला पाठवतो, ॲप्लिकेशन मोडमध्ये कंसाच्या जागी कॅपिटल ओ येतो. हा मोड प्रोग्राम स्वतः चालू करतो. त्यासाठी तो एस्केप, डावा चौकटी कंस, प्रश्नचिन्ह, १ आणि स्मॉल एच ही आज्ञा टर्मिनलला देतो; शेवटी स्मॉल एल दिल्यास मोड बंद होतो.

अंकपट्टीचा मोड : न्यूमरिक मोडमध्ये उजवीकडच्या अंककळा साधे अंक पाठवतात. ॲप्लिकेशन मोडमध्ये ५ ही कळ एस्केप, कॅपिटल ओ आणि स्मॉल यू पाठवते. ही माला न ओळखणाऱ्या व्हीआय संपादकात मोठा घोटाळा होतो : एस्केपने लेखन थांबते, ओ ही आज्ञा ठरून वर नवी ओळ उघडते आणि तीत ५ ऐवजी यू उमटतो. यासाठी पुटीमध्ये हा मोड कायमचा बंद ठेवण्याची सोय आहे.

बॅकस्पेस : ही कळ काही यंत्रणांत संकेतांक ८, तर काहींत १२७ पाठवते. दोन्ही बाजूंचा मेळ नसल्यास अक्षर खोडले जाण्याऐवजी पडद्यावर टोपीचे चिन्ह आणि एच किंवा प्रश्नचिन्ह दिसते.

मर्यादा : टॅब आणि कंट्रोल-आय या दोहोंचा संकेतांक ९ असल्याने जुन्या पद्धतीत त्यांतील फरक प्रोग्रामला कळत नाही. एक्सटर्मची विस्तारित कळसंकेत पद्धत आणि ‘किटी’ एम्युलेटरचा कीबोर्ड प्रोटोकॉल ही उणीव भरून काढतात. मात्र त्यांना एम्युलेटर आणि प्रोग्राम दोघांचाही पाठिंबा लागतो.

दोषशोधन : पूर्ण पडदा वापरणाऱ्या प्रोग्रामने सुरुवातीला चालू केलेला मोड बाहेर पडताना बंद करायचा असतो. प्रोग्राम मध्येच कोसळला तर मोड तसाच राहतो. युनिक्स वा लिनक्सवर ‘कॅट’ चालवून वरचा बाण दाबला, की चौकटी कंस दिसतो की ओ, यावरून चालू मोड ओळखता येतो. ‘रिसेट’ ही आज्ञा दिल्यावर टर्मिनल सहसा मूळ स्थितीत येते.