आकड्याचा हिशेब

'क्रोशे' हा शब्द फ्रेंच. अर्थ साधा, लहानसा आकडा. १८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडून मोठा दुष्काळ आला, तेव्हा ख्रिस्ती मठांतील भगिनींनी गरीब मुलीबायकांना हे विणकाम शिकवले आणि त्या लेशीवर कित्येक घरांची चूल पेटली. आपल्या देशात मिशनऱ्यांनी ही कला रुजवली; आंध्रातील नरसापूरला आजही बायका त्यावर चार पैसे मिळवतात. बाईने स्वतःच्या पायांवर उभे राहावे म्हणून पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन काढले, तेथेही शिवणकामाला मान होता.

ठाण्याच्या कोपरीत, आमच्या घरी मात्र हा आकडा कमाईसाठी कधी चाललाच नाही. मला तो आत्याने शिकवला. पुस्तक नाही, आकृती नाही. "साखळी घाल, मुका खांब घे, आता उभा खांब," एवढेच तिचे व्याकरण. परक्या कलेला अशी घरगुती नावे देणाऱ्या बायका कोण, हे कुठल्या ग्रंथात नाही.

आत्याची टोपडी बाळंतविड्यात गेली, तोरणे रुखवतात मांडली गेली. एकदा ती म्हणाली, "पैसे घेतले असते, तर निदान हिशेब तरी राहिला असता गं!"

वाचकहो, दिवाळीच्या आवराआवरीत पेटीच्या तळाशी असा एखादा रुमाल सापडला, तर विणणारीचे नाव विचारून घ्या आणि चिठ्ठीवर लिहून त्याच घडीत ठेवा.