दुखण्याची गोळी आणि पिवळे डोळे

डोळे पिवळे दिसले की आपण कावीळ म्हणतो आणि यकृताकडे बोट दाखवतो. नंदुरबार जिल्ह्यात, भिल्ल आणि पावरा वस्त्यांमध्ये, अशी कितीतरी माणसं आहेत ज्यांचे डोळे लहानपणापासूनच अधूनमधून पिवळसर दिसतात. त्यांना सिकलसेलचा आजार आहे. त्यांच्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि वेळेआधीच फुटतात. फुटलेल्या पेशींमधून बिलिरुबिन तयार होतं, त्याचा तो रंग. रक्तही कायम कमीच असतं.

पण हा आजार लोकांना माहीत असतो तो दुखण्यामुळे. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. तान्ह्या मुलांच्या हातापायांची बोटं सुजतात. तरुणपणी खुब्याच्या हाडाचा गोळा रक्ताअभावी खचतो आणि माणूस लंगडू लागतो. घरचे त्याला संधिवात म्हणतात. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या माणसाला असं दुखणं उठलं, तर तो कोयता बाजूला ठेवून बसू शकत नाही. तो गोळी घेतो. दुकानदाराने पट्टीतून कापून दिलेल्या चार गोळ्या, ज्यांच्यावर नावही धड उरलेलं नसतं.

सूज आणि दुखणं कमी करणाऱ्या या गोळ्यांचे दोन मोठे धोके वैद्यकाला माहीत आहेत. त्या जठरात आणि आतड्यात व्रण पाडतात. तिथून रक्त जातं, हिमोग्लोबिन उतरतं. आणि क्वचित त्या यकृताला इजा करतात. तेव्हा डोळे पिवळे होतात. आता सिकलसेलच्या रुग्णाचा विचार करा. त्याचं हिमोग्लोबिन आधीच कमी, डोळे आधीच पिवळे. गोळीने अपाय केलाच, तर तो आजाराच्याच आड लपतो. म्हणून या गोळ्यांचा इतिहास नंदुरबारच्या बाजूने वाचण्यासारखा आहे. त्यांचे अपाय आपोआप कुणाला दिसले नाहीत. दर वेळी कुणीतरी मुद्दाम पाहिलं, तेव्हाच ते दिसले.

सांधेदुखीवरची औषधं जुनीच. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवनिदानात ‘आमवात’ हा स्वतंत्र आजार म्हणून आला. त्यावर गुग्गुळ, सुंठ, गुळवेल अशी औषधं वापरात राहिली. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर वाढणारी सालई हीसुद्धा त्यातलीच. संस्कृतात ती शल्लकी. तिच्या खोडातून पाझरणारा डिंक सांध्यांच्या सुजेवर आजही दिला जातो.

युरोपात हेच काम विलो या झाडाच्या सालीने केलं. 1876 मध्ये टॉमस मॅक्लॅगन या स्कॉटिश डॉक्टरने विलोपासून मिळणारं सॅलिसिन तीव्र संधिज्वराच्या रुग्णांना देऊन त्याचे परिणाम ‘लॅन्सेट’मध्ये छापले. पाठोपाठ सॅलिसिलेटची औषधं सर्रास वापरात आली आणि रुग्ण पोटातल्या जळजळीने हैराण झाले. 1897 मध्ये बायर कंपनीच्या फेलिक्स हॉफमनने ॲस्पिरिन बनवलं ते आपल्या संधिवाती वडिलांच्या पोटाला सोसवेल असं औषध हवं म्हणून, अशी कथा सांगितली जाते. श्रेय नेमकं कुणाचं यावर पुढे वाद झाला. पण कथेतली गरज खरी होती. 1899 पासून ॲस्पिरिन विकलं जाऊ लागलं, ते पोटाला सौम्य अशा ख्यातीसह.

ही ख्याती जवळजवळ चाळीस वर्षं टिकली. 1938 मध्ये लंडनच्या डाउथवेट आणि लिंटॉट या डॉक्टरांनी गॅस्ट्रोस्कोपची नळी रुग्णांच्या जठरात घालून ॲस्पिरिन दिल्यावर आत काय होतं ते प्रत्यक्ष पाहिलं. अस्तर लालबुंद झालेलं होतं, काही ठिकाणी रक्त येत होतं. रुग्णांची तक्रार तोवर ‘जळजळ’ या शब्दापुढे गेली नव्हती. नळी आत गेल्यावर तिला पुरावा मिळाला.

असं का होतं, हे कळायला आणखी तेहतीस वर्षं गेली. 1971 मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिनसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. सूज आणि दुखणं वाढवणारी ही द्रव्यं जठरात मात्र राखणीचं काम करतात. अस्तरावर चिकट थर ठेवतात, तिथला रक्तपुरवठा टिकवतात, आम्लाला आवर घालतात. गोळी एका हाताने दुखणं थांबवते आणि त्याच हाताने ही राखण काढून घेते. व्हेन यांना 1982 मध्ये नोबेल मिळालं.

या शोधातून एक गोष्ट उघड होते, जी आपल्याकडे अजून पुरेशी पोहोचलेली नाही. पोटाला होणारी इजा गोळी पोटात पडल्यामुळेच होते असं नाही. ती रक्तातूनही होते. ‘गोळीने ॲसिडिटी होते, त्यापेक्षा सुई द्या’ असं म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेणारा माणूस या धोक्यातून सुटत नाही. सोबत दिली जाणारी ‘पोटाची गोळी’ म्हणजे ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल. ती जठर आणि आतड्याची सुरुवात यांना बऱ्यापैकी सांभाळते, पण लहान आतड्याच्या पुढच्या भागाला नाही. हेही 2000 नंतर, गिळायचा कॅमेरा निघाल्यावर, नीट दिसलं. त्याआधी तिथपर्यंत सहज पोहोचेल अशी नळीच नव्हती.

पोटाला न दुखावणारी गोळी शोधण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे रोफेकॉक्सिब, बाजारातलं नाव व्हायॉक्स. 2000 मध्ये आठ हजारांहून अधिक संधिवाती रुग्णांवरची चाचणी छापून आली. पोटातले गंभीर अपाय जुन्या औषधाच्या तुलनेत जवळपास निम्मे होते, पण हृदयविकाराचे झटके जास्त होते. सप्टेंबर 2004 मध्ये कंपनीने ते औषध जगभरातून मागे घेतलं.

यकृताची गोष्ट वेगळी आहे. पोटाची इजा हिशेबातली असते. मात्रा वाढली, वय वाढलं, दोन गोळ्या एकत्र झाल्या, स्टेरॉइडची भर पडली, की ती वाढते. यकृताची इजा बहुतेकदा बेहिशेबी असते. हजारो लोक तीच गोळी पचवतात आणि एखाद्याचं यकृत कोसळतं. ते आधी ओळखता येत नाही. म्हणून इथे एका डॉक्टरचं पाहणं पुरत नाही. अनेकांनी पाहिलेलं एका जागी मोजावं लागतं. ब्रिटनमध्ये बेनॉक्साप्रोफेन हे संधिवाताचं नवं औषध 1980 मध्ये आलं. मे 1982 मध्ये बेलफास्टच्या डॉक्टरांनी ते घेणाऱ्या वृद्ध रुग्णांचे काविळीने झालेले मृत्यू छापून जगापुढे ठेवले आणि ऑगस्टमध्ये औषध बाजारातून गेलं.

आपल्याला जास्त ओळखीचं नाव निमेसुलाइडचं. 1985 मध्ये इटलीत आलेली ही गोळी भारतात घरोघरी पोहोचली. तापालाही तीच, गुडघ्यालाही तीच. 2002 मध्ये फिनलंड आणि स्पेन यांनी यकृताच्या अपायांमुळे तिची विक्री थांबवली, 2007 मध्ये आयर्लंडने. अमेरिकेत ती कधी आलीच नाही. भारतात फेब्रुवारी 2011 मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांसाठी तिच्यावर बंदी आली आणि डिसेंबर 2025 मध्ये 100 मिलिग्रॅमहून मोठ्या मात्रेच्या गोळ्यांवर. फिनलंडच्या निर्णयापासून आपल्या पहिल्या बंदीपर्यंत नऊ वर्षं गेली.

मग आपल्याकडे कुणी पाहिलंच नाही का? पाहिलं, आणि महाराष्ट्रातच पाहिलं. 1996 मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी उजनीच्या पाण्याकाठच्या भिगवण गावात घरोघर फिरले. चार हजारांहून अधिक प्रौढांना त्यांनी ‘कुठे दुखतं?’ हे विचारलं. 18.2 टक्के लोकांना स्नायू-सांध्यांचं काही ना काही दुखणं होतं. ज्याला आपण आमवात म्हणतो, तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास. बाकीच्यांत झिजलेले गुडघे आणि कष्टाने दुखणारं अंग यांचा मोठा वाटा होता. म्हणजे आपल्या खेड्यात दुखण्याची गोळी बहुतांशी कामाच्या झिजेवर खाल्ली जाते. काम थांबत नाही, म्हणून गोळीही थांबत नाही.

चोप्रा यांच्याच पुढाकाराने झालेली एक चाचणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. गुडघेदुखीच्या 440 रुग्णांत आयुर्वेदिक मिश्रणांची तुलना ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिबशी केली होती. मिश्रणांत सालई, गुळवेल, सुंठ आणि आवळा होते. दुखण्यावर ही मिश्रणं आधुनिक औषधांच्या तोडीची ठरली. पण ती घेणाऱ्या काहींच्या रक्तात यकृताचं एसजीपीटी वाढलेलं निघालं. त्यांना त्रास काहीच जाणवत नव्हता आणि औषध थांबवल्यावर ते खाली आलं. रक्त तपासलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. 2021 मध्ये मुंबईच्या डॉ. आभा नगराल आणि सहकाऱ्यांनी कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही. वादाचा निकाल काहीही लागो, ‘झाडपाल्याचं आहे, त्याने काय होणार’ हे वाक्य तपासणीशिवाय म्हणता येत नाही, हे या दोन्ही नोंदी सांगतात.

आता परत नंदुरबारला येऊ. भारतात सिकलसेल पहिल्यांदा 1952 मध्ये निलगिरीच्या डोंगरात नोंदला गेला. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला 1 जुलै 1998 रोजी. बरोबर पंचवीस वर्षांनी, 1 जुलै 2023 रोजी, सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं. त्यात तपासणीवर आणि कार्डांवर भर आहे. रुग्ण एसएस आहे की वाहक, हे त्यातून कळतं, आणि ते महत्त्वाचंच आहे.

पण गोळीचा अपाय ओळखायला एवढं पुरत नाही. बेलफास्टच्या डॉक्टरांना पिवळे डोळे खटकले, कारण त्या वृद्धांचे डोळे आदल्या महिन्यात पांढरे होते. धडगावच्या मुलाचे डोळे आदल्या महिन्यातही पिवळेच होते. त्याच्या बाबतीत ‘नेहमीचं’ किती आणि ‘नवं’ किती, हे सांगणारा आकडा हवा. बरं असताना त्याचं हिमोग्लोबिन किती असतं, बिलिरुबिन किती, एसजीपीटी किती. पेशी फुटल्याने बिलिरुबिन वाढतं. एसजीपीटी मुख्यतः यकृताला इजा झाली की वाढतं. नेहमी आठ असलेलं हिमोग्लोबिन साडेसहा झालं आणि शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, तर तो आजाराचा नवा झटका नसून आतड्यातला रक्तस्राव असू शकतो. हे तीन आकडे कार्डासोबत एका कागदावर लिहिलेले असले, तर कुठल्याही गावचा, गुजरातेतल्या ऊसपट्ट्यातलासुद्धा, डॉक्टर फरक ओळखू शकेल. सोबत गोळीचं नावही लिहिलेलं हवं. नाहीतर एका गोळीत पॅरासिटामॉल, दुसरीतही पॅरासिटामॉल, असं होऊन यकृतावर दुप्पट भार पडतो.

दुखणाऱ्याला गोळी नाकारणं हा यावरचा उपाय नव्हे. हाडाच्या त्या कळा ज्याने सोसल्या नाहीत, त्याने गोळी सोडायचा सल्ला देऊ नये. सिकलसेलमध्ये दुखण्याचे झटकेच कमी करणारं हायड्रॉक्सियुरिया हे औषध आहे. तेही रक्त तपासत तपासतच घ्यायचं असतं, पण त्याने गोळीची गरज कमी होते.

दीडशे वर्षांत लंडनला नळी लागली, बेलफास्टला नोंदवही, भिगवणला घरोघर फिरणारी माणसं. सातपुड्यात लागणारी गोष्ट त्यांच्यापेक्षा स्वस्त आहे: बऱ्या दिवसात काढलेलं थोडंसं रक्त, आणि त्याचे आकडे जपून ठेवलेला एक कागद.