तान्ह्या पोळ्याच्या बैलाची कुळकथा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी समुद्रपुरातले रस्ते लेकरांचे असतात. श्रावणाच्या अमावास्येला खरे बैल तोरणाखाली उभे राहून, घरोघरी ओवाळून घेऊन, पुरणाचा नैवेद्य खाऊन गोठ्यात परतलेले असतात. भाद्रपदाच्या पाडव्याला त्यांची जागा लाकडी बैल घेतात. कुणाचा बैल वीतभर, कुणाचा गुडघ्याएवढा. पाठीवर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू आणि पायांखाली चार चाकं. दोरी ओढली की बैल चालतो, सैल सोडली की थांबतो. दारोदारी बैलाची पूजा होते, लेकराच्या हातावर बोजाऱ्याचे पैसे पडतात, आणि वरात पुढच्या दाराशी जाते.

हा तान्हा पोळा. तान्हं लेकरू म्हणतो तसंच आपण तान्हं वासरूही म्हणतो. दोघांना एकच शब्द पुरतो. अशा वेळी एखाद्या पहिली-दुसरीतल्या लेकराला विचारून बघावं, ‘तुझा बैल चालतो कशानं?’ कुणी म्हणेल चाकानं, कुणी दोरीनं, कुणी छाती पुढे काढून म्हणेल, ‘मी ओढतो ना!’ तिन्ही उत्तरं खरी आहेत आणि तिन्ही अर्धी आहेत. पूर्ण उत्तर हवं असेल तर या बैलाचं कूळ शोधावं लागतं. लाकडाचं कूळ एका बाजूनं आणि ओढीचं कूळ दुसऱ्या बाजूनं.

लाकडाचं कूळ नागपूरला सापडतं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की ही प्रथा दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केली. १७८८ ते १८१६ हा त्यांच्या राज्याचा काळ. पोळ्याला सजलेल्या खऱ्या बैलांजवळ लहान मुलांना जाता येत नाही, मग त्यांनाही आपला पोळा असावा म्हणून राजानं लाकडाचे बैल करवले, अशी ही आठवण आहे. नागपुराहून ही चाल विदर्भभर पसरली. आपल्या वर्धा जिल्ह्यातलं सिंदी रेल्वे तर तान्ह्या पोळ्यातल्या मोठमोठ्या लाकडी नंद्यांसाठी ओळखलं जातं. सुताराच्या हाताखालून निघालेले हे बैल बरेचदा पांढरे रंगवतात, त्यामागे आपल्या मातीतला नमुना असावा. गवळाऊ हा वर्ध्याचा स्वतःचा गोवंश. रंगानं पांढरा, अंगानं सडपातळ, पायांनी चपळ. मराठ्यांच्या काळात भराभर मजल मारण्यासाठी याच बैलांना मागणी होती. लेकराच्या हातातला लाकडी बैल म्हणजे त्या गवळाऊची छोटी प्रतिमा.

पण चाकावर जनावर उभं करण्याची कल्पना भोसल्यांहून कितीतरी जुनी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचं ठिकाण आहे. १९७४ साली तिथे झाडाचं खोड खणताना एका गावकऱ्याला काशाच्या चार वस्तू मिळाल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि एक रथ. रथाला दोन बैल जुंपलेले, मागे उभा असलेला माणूस त्यांना हाकतो आहे. चारही वस्तू मिळून साठ किलोंहून जास्त वजन भरलं. अनेक अभ्यासक त्यांचा काळ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. त्यांचा उपयोग पूजेत होत असेल की मिरवणुकीत, हे त्या वस्तू सांगत नाहीत. पण गेंडा बघितला की आजही हात आपोआप दोरी शोधू लागतो, कारण तो चक्क चाकांवर उभा आहे. महाराष्ट्रातल्या माणसाला चाकांवरच्या जनावराचा लळा इतका जुना आहे.

आता थोडं दूर, पार मेक्सिकोत जाऊ. कोलंबसाच्या आधीच्या तिथल्या थडग्यांमध्ये मातीची छोटी जनावरं सापडली आहेत, आणि त्यांच्या पायांना चाकं आहेत. चाक म्हणजे काय, हे त्या लोकांना नीट ठाऊक होतं. तरीही त्यांच्याकडे गाडी नव्हती. त्यांच्या मुलखात बैल नव्हता, घोडा नव्हता. गाडी ओढणारं कुणी नव्हतं. बहुधा म्हणूनच चाक खेळण्यापुरतं राहिलं. ही गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. चाक वाट सोपी करतं, पण चाक स्वतः काही ओढत नाही. दोरी ओढ पोचवते, पण ओढ निर्माण करत नाही. ओढणारा वेगळा असतो, आणि त्याच्याजवळ काहीतरी साठवलेलं असावं लागतं. त्या साठ्याला आपण ऊर्जा म्हणतो.

या शब्दाचंही कूळ पाहण्यासारखं आहे. इंग्रजीतला ‘एनर्जी’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला. त्याच्या पोटात ‘एर्गॉन’ म्हणजे काम हा शब्द आहे. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञानं १८०७ साली छापलेल्या आपल्या व्याख्यानांत तो आजच्या शास्त्रीय अर्थाच्या जवळ आणला. आपला ‘ऊर्जा’ मात्र ताटातून आला आहे. वेदांतल्या भाषेत ऊर्ज म्हणजे अन्नातलं बळ, अन्नातला रस. त्या काळच्या पंचांगात आश्विन आणि कार्तिक या शरदाच्या दोन महिन्यांना इष आणि ऊर्ज अशी नावं होती. शेत पिकून उभं राहतं ते हे दिवस. समुद्रपूरच्या काळ्या रानात कार्तिकात कापूस फुटलेला असतो आणि वेचणी चालू असते. म्हणजे ग्रीकांनी ऊर्जेला तिच्या कामावरून नाव दिलं, आणि आपल्या पूर्वजांनी ती जिथून येते त्या घासावरून. शास्त्र शिकताना दोन्ही नावं उपयोगी पडतात: ऊर्जा येते घासातून आणि दिसते कामातून.

आता ओढीचं कूळ शोधू. सकाळी लेकरानं एक भाकर खाल्ली. साठेक ग्रॅम ज्वारीच्या पिठाची असली तर तिच्यात साधारण दोनशे किलोकॅलरी ऊर्जा असते, म्हणजे आठ लाखांहून अधिक ज्यूल. एक ज्यूल किती? शंभर ग्रॅमची वस्तू एक मीटर वर उचलायला साधारण एक ज्यूल लागतो. एक किलोचा लाकडी बैल जमिनीवरून मीटरभर उचलायचा तर दहा ज्यूल पुरतात. आपलं शरीर भाकरीतल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच स्नायूंच्या कामात उतरवतं, उरलेली उष्णता होते. तरीही हिशेब केला तर एका भाकरीच्या बळावर तो बैल वीस हजार वेळा उचलता येईल! दिवसभर वरात फिरवूनही लेकरं दमत नाहीत, यात मग नवल कसलं?

आणि भाकरीत ही ऊर्जा आली कुठून? ज्वारीच्या पानानं ती उन्हातून घेतली. पिकावर पडलेल्या उन्हातला शंभरातला जेमतेम एखादा भाग पिकाच्या अंगात साठतो, पण तेवढ्यावरच गाव जगतं. दाणा माणसाच्या ताटात जातो, कडबा आणि कुटार बैलाच्या दावणीत. कपाशीचंही तसंच, रुई जिनिंगला जाते, सरकीची ढेप पुन्हा बैलाच्या टोपलीत येते. खरा बैल कुटारावर चालतो, लाकडी बैल भाकरीवर. दोघांच्या मागे सूर्य एकच.

ऊर्जा केवळ हलवते असं नाही, ती बदलही घडवते. जुन्या बंडीचं चाक घ्या. लाकडी चाकाभोवती लोखंडाची गोल पट्टी असते, तिला धाव म्हणतात. धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवतात. मग तिच्याभोवती गोवऱ्या रचून आग लावतात. तापून धाव फुगते, मोठी होते. लाल झालेली धाव सांडशीनं उचलून चाकावर चढवली की लगेच पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो, धाव आकसते, आणि आऱ्या, पाटे, तुंबा हे सगळं एकमेकांत असं घट्ट आवळून टाकते की वर्षानुवर्षं चाक खिळखिळं होत नाही. इथे कुणी काही ओढलं नाही. उष्णतेनं लोखंडाचं माप बदललं, आणि त्या बदलानं चाक बांधलं गेलं. पुन्हा त्या गोवऱ्या कशाच्या? बैलानं खाल्लेल्या कुटारातलं जे उरलं, त्याच्या. बैल गाडी ओढतो आणि तिचं चाकही बांधून देतो.

ओढताना खर्चलेली ऊर्जा शेवटी जाते कुठे, हे सुद्धा तान्हा पोळाच दाखवतो. पोळा येतो पावसाळ्यात. सिमेंटच्या रस्त्यावर लेकरू एका बोटानं दोरी ओढतं आणि बैल खडखडत धावतो. तोच बैल गल्लीतल्या चिखलात शिरला की दोन्ही हातांनी ओढावं लागतं. कष्ट वाढले, चाल कमी झाली. मग जास्तीचं बळ कुठे गेलं? चिखल दाबण्यात, तो बाजूला सारण्यात, आस आणि चाक यांच्या घासण्यात. कोरड्या आसावर चाक बराच वेळ पळवून बोट लावलं तर आस कोमट लागतो. म्हणून बंडीच्या आसाला वंगण घालायचे. वंगणानं बैलाला बळ येत नाही, पण त्याचं बळ उष्णता होऊन वाया जायचं कमी होतं.

नेमका हाच हिशेब इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या जेम्स प्रेस्कॉट ज्यूल या माणसानं १८४०च्या दशकात मांडला. घरचा धंदा बिअर बनवण्याचा, आवड मोजमापाची. त्यानं भांड्यात पाणी भरलं, त्यात छोटी वल्ही बसवली आणि दोरीला वजनं बांधली. वजनं खाली उतरली की वल्ही फिरत, पाणी घुसळलं जाई आणि किंचित तापे. पुन्हा पुन्हा मोजून त्यानं दाखवलं, की गती गेली की ठरलेल्या प्रमाणात उष्णता येते. आजच्या मापात सांगायचं तर एक किलो वजन सुमारे ४२७ मीटर खाली आलं तर एक किलो पाणी एक अंशानं तापतं. ऊर्जा नाहीशी होत नाही, रूप बदलते, हे त्यातून पक्कं झालं. ज्यूल हे एकक त्याच्याच नावाचं.

त्याच्या आधी जेम्स वॉटनं वाफेचं इंजिन विकताना गिऱ्हाइकाला समजावं म्हणून घोड्याचं माप धरलं. त्यातून अश्वशक्ती आली, आज ती ७४६ वॅट धरतात. विहिरीवर ‘पाच एचपी’ची मोटर बसवणारा समुद्रपूरचा कास्तकार रोज घोड्याच्या मापानं बोलतो, त्याच्या बापानं मात्र वखरणी, डवरणी सगळी बैलावर केली. सांगायला सोपं म्हणून, एक बैलजोडी साधारण एक अश्वशक्तीचं काम करते असं धरतात. आज शेतात पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर उतरतो, म्हणजे तितक्या जोड्या एका सीटखाली. त्याचं कुटार म्हणजे डिझेल. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांनी साठवलेलं ऊन गाळाखाली दबून तेल झालं, तेच आज जाम चौरस्त्यावरच्या ट्रकांतही जळतं आणि समुद्रपूरच्या शेतांतही. ऊन तेच, फक्त फार जुनं. आणि ते एकदा जळलं की पुढच्या हंगामात पुन्हा उगवत नाही. कडबा उगवतो.

बैलजोड्या कमी झाल्या, त्याचं मला मनापासून दुःख आहे. पण तान्हा पोळा चालू आहे, याचा तितकाच आधार वाटतो. याच जिल्ह्यात, १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातांनी शिकण्याचा आग्रह धरला होता, आणि नई तालीमच्या वर्गांत मुलं तकली फिरवत शिकली. बोटांनी दिलेला एक पीळ तकलीत साठतो आणि ती फिरत राहते, हाही ऊर्जेचाच धडा. लाकडी बैल ही त्याच शाळेतली आणखी जुनी पाटी आहे. शिक्षकांनी पोळ्याच्या आठवड्यात तो वर्गात आणू द्यावा. फरशीवर ओढा, वाळूत ओढा, पाठीवर दगड ठेवून ओढा, उतारावर सोडून द्या. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा, ‘हे बळ आलं कुठून आणि गेलं कुठे?’

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. बैलाचा खांदा हळद-तुपानं चोळून शेकतात. अंगाच्या ज्या जागेवर जू टेकतं, ज्या जागेतून त्याचं सगळं बळ गाडीत उतरतं, नेमक्या त्याच जागेला आपल्या लोकांनी हात लावला. पुस्तकात ऊर्जेची व्याख्या येण्याच्या कितीतरी आधी त्यांना ठाऊक होतं, की काम आपोआप होत नाही, ते कुणाच्या तरी अंगातून येतं, आणि त्या अंगाचे उपकार मानायचे असतात.

लाकडी बैलालाही दुसऱ्या दिवशी पुरणपोळी दाखवतात. लाकूड काही खात नाही. नैवेद्य झाला की ती पोळी लेकराच्याच पोटात जाते, लेकरू तोंड पुसून दोरी हातात घेतं, आणि बैल धावू लागतो. म्हणजे नैवेद्य पोचला.