पीटर, ससा आणि आमची चिंगी



गेल्या भागात आपण पहिल्या महायुद्धातल्या निरोप्या कुत्र्यांपाशी थांबलो होतो. आजही कुत्रा आहेच, पण रणांगण नाही. आजची मुख्य गोष्ट १९२४ सालच्या न्यूयॉर्कमधली आहे, तीन वर्षंही पूर्ण न झालेल्या एका मुलाची आणि एका सशाची. तिच्यापर्यंत मी कसा पोचलो, ते आधी सांगतो.

आमच्या महूच्या घरी दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात चिंगी आली. पांढरी, झुबकेदार, वजन जेमतेम पाच किलो. आपल्याकडे अशा कुत्र्याला सरसकट पॉमेरेनियन म्हणतात. आधीच्या मालकांची बदली झाली आणि ती आमच्याकडे आली. आली ती थेट दिवाणाखाली. मग घरातल्या प्रत्येकाने आपापला इलाज सुरू केला. मुलगा म्हणाला, "बाहेर ओढून कडेवर घ्या, होईल सवय." सूनबाई वरून वाकून डोक्यावर हात फिरवायला जायच्या. सहा वर्षांचा नातू पालथा झोपून, दिवाणाखाली तोंड घालून तिच्या डोळ्यांत टक लावून बघत बसायचा. आणि मी? माझा आवाज अजून परेड ग्राउंडवरचाच. भीती समोर उभं राहिल्याशिवाय जात नाही, हे मी तीस वर्षं शिकवलं होतं. मी हुकूम सोडायचो, "चिंगी, बाहेर!"

तिसऱ्या दिवशी तिने नातवाचा हात फोडला. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुतली आणि त्याच संध्याकाळी लस सुरू केली. (कुत्रं घरचं असो की बाहेरचं, यात हयगय करू नका.) रात्री मुलाने स्पष्ट सांगितलं, "बाबा, दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर ती जाईल." त्याचं चूक नव्हतं. पण पाच किलोचा जीव तिसऱ्या घरी जाऊन काय करणार, हे मला दिसत होतं. मी वाचायला बसलो.

कुत्र्यांना शिकवण्याचा लेखी इतिहास बराचसा आमच्यासारख्या गणवेशवाल्यांचाच आहे. जर्मनीत कोनराड मोस्ट यांचं पुस्तक १९१० साली आलं. त्यांची पद्धत सक्तीची, तीत काटेरी पट्टाही येतो. ब्रिटिशांकडे लेफ्टनंट कर्नल एडविन रिचर्डसन यांनी १९१७ मध्ये शूबरीनेसला युद्धश्वानांची शाळा काढली. तोफांच्या सरावाची जागा जवळच होती. त्यांचा दंडक उलटा: कुत्र्याला दडपायचं नाही, आवाजाची ओळख हळूहळू करून द्यायची. भारतीय सैन्याने १९६० मध्ये मेरठला श्वानप्रशिक्षण सुरू केलं. तिथल्या हँडलर जवानांची शांत चाल मी नोकरीत पाहिली होती, पण त्यामागचं कारण कधी विचारलं नाही.

कारण सापडलं पीटरच्या गोष्टीत. १९२० मध्ये जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने अल्बर्ट नावाच्या बाळाला पांढऱ्या उंदराची भीती 'शिकवली' होती. बाळाने उंदराला हात लावला की मागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारायचा. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. मेरी कव्हर जोन्स ही तेव्हाची तरुण संशोधक. तिने उलटा प्रश्न धरला: भीती शिकवता येते, तर बसलेली भीती काढता येईल का? पीटर दोन वर्षं दहा महिन्यांचा होता. ससा खोलीत कुठेही, पिंजऱ्यात असला तरी तो घाबरायचा. सशाला न घाबरणारी मुलं सोबत ठेवून थोडी सुधारणा झाली. मग पीटरला लोहितांग ज्वर झाला आणि तो जवळजवळ दोन महिने रुग्णालयात गेला. घरी परतताना, टॅक्सीत बसत असताना, एक मोठं कुत्रं त्याच्या आणि नर्सच्या अंगावर धावून आलं. मुलगा घाबरलाच, नर्सही घाबरली. सगळी कमाई गेली, भीती पुन्हा पहिल्या जागी.

जोन्सने मग नवी युक्ती केली. पीटरला उंच खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ द्यायचा आणि ससा पिंजऱ्यातून खोलीत आणायचा, पण इतक्या लांब की मुलाचं खाणं थांबू नये. पुढच्या वेळी थोडा जवळ, मग आणखी थोडा. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला, त्याला बोटं कुरतडू देऊ लागला. जोन्सने एक धोकाही लिहून ठेवला: घाई केली तर उलटं होईल, मुलाला खाऊचीच भीती बसेल.

हे वाचून मी दिवाणाकडे पाहिलं. चिंगीपुढे टाकलेला चिकनचा तुकडा तसाच पडून होता. ती हट्टी नव्हती. आम्ही फार जवळ होतो.

त्याच वर्षी, २३ सप्टेंबर १९२४ रोजी, लेनिनग्राडला महापूर आला. पावलॉव्हच्या प्रयोगशाळेतले कुत्रे पिंजऱ्यांत बुडता बुडता वाचवले गेले. पूर ओसरला, कुत्रे वरकरणी ठीक झाले, पण काहींचं शिकलेलं पुसून गेलं. पुढे दाराखालून पाण्याची बारीक धार सोडली, एवढ्यानेही एक कुत्रा पुन्हा कोसळला.

जोन्सचं काम बरीच वर्षं मागे पडलं. ते पुढे नेलं जोसेफ वोल्पे यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यात डॉक्टर होते. युद्धावरून मोडून आलेले सैनिक औषध देऊन बोलते करायचे, ही तेव्हाची रीत. तिचा गुण टिकेना. युद्धानंतर त्यांनी मांजरांवर प्रयोग केले. ज्या खोलीत मांजराला झटका बसला, तिथे ते जेवत नसे. मग त्या खोलीशी थोडंच साम्य असलेल्या दुसऱ्या खोलीत जेवू घातलं, आणि पायरीपायरीने मूळ खोलीपर्यंत आणलं. १९५८ च्या पुस्तकात त्यांनी हीच पायऱ्यांची पद्धत माणसांसाठी मांडली.

इथे मी पुस्तक मिटलं, मंडळी. वीसेक वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये मी कंपनी कमांडर होतो. एका स्फोटानंतर माझा एक जवान मोरीजवळ आला की थिजायचा. मी काय केलं? त्याला रोज रोड ओपनिंग पार्टीत पुढे ठेवलं. मोडेल भीती, असा माझा हिशेब. तो कधी नाही म्हणाला नाही. लंगरवाल्याने एकदा मला सांगितलं होतं, "साहेब, ड्यूटीच्या सकाळी तो खात नाही." मी म्हटलं, भूक नसेल. तो लवकर पेन्शनीवर गेला. नंतर त्याची चौकशी मी केली नाही. मला कोणी शिकवलं नव्हतं, हे खरं. मी विचारलंही नव्हतं, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या सकाळी घरच्यांना बसवून ऑर्डर दिली, बहुधा आयुष्यातली सर्वांत हळू आवाजातली. चिंगीला कोणी ओढायचं नाही, उचलायचं नाही. तिच्याजवळ जायचंच नाही, तिला येऊ द्यायचं. बसायचं ते जमिनीवर, तिच्याकडे कूस करून. डोळ्यांत बघायचं नाही. पाच फुटांच्या माणसाने पाच किलोच्या प्राण्यावर वाकणं म्हणजे काय, ते नातवाला समजावं म्हणून मी स्वतः त्याच्यावर वाकून दाखवलं. तो मागे सरकला आणि त्याला कळलं. खाऊ लांबून सरकवायचा. खाल्ला तर ते अंतर बरोबर, नाही खाल्ला तर आपण मागे सरायचं. हात लावायची वेळ आलीच तर वरून नाही, खालून, छातीपाशी, दोन सेकंद, आणि हात काढून बघायचं: ती पुढे येते की जाते? गुरगुरली तर रागवायचं नाही. गुरगुरणं बंद पाडलं की थेट चावा उरतो. आणि मोठं माणूस जवळ नसेल तर नातवाने तिच्या खोलीत जायचंच नाही.

सौ. म्हणाल्या, "हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, तुमच्या आवाजापुढे बोलणार कोण?" चिंगी पहिल्यांदा गेली तीही त्यांच्याकडेच. त्या भाजी निवडत होत्या आणि तिच्याकडे बघतही नव्हत्या.

सगळ्यांत अवघड गेलं मुलाला. ऑफिसातून आला की त्याला लगेच प्रेम करायचं असे. नातू मात्र पक्का शिपाई निघाला. दिवाणापासून आठ फुटांवर त्याने खडूने रेघ मारली आणि तिथे बसून मोठ्याने गोष्टी वाचू लागला. रेघ दर आठवड्याला पुढे सरकायची. एकदा कुकरची शिट्टी जोरात झाली आणि चार दिवस मागे गेली. पीटरच्या टॅक्सीची आठवण झाली.

ती लहानपणी कुठे वाढली, ठाऊक नाही. अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेने १९६१ मध्ये दाखवलं होतं की पहिले चौदा आठवडे माणसाचा सहवासच न मिळालेली पिल्लं पुढेही माणसापासून दूर पळतात. त्यामुळे ती कधीकाळी नातवाच्या मांडीवर झोपेल, असं वचन मी त्याला दिलेलं नाही.

दिवाळी आली. फटाक्यांच्या रात्री तिला आतल्या खोलीत, पडदे ओढून, पंखा लावून ठेवलं. सौ. तिच्याजवळ बसल्या. दिवाळी गेली. मुलाने विषय काढला नाही, मीही काढला नाही.

परवा सकाळी मी व्हरांड्यात पेपर वाचत होतो. चिंगी आली, माझ्या बुटाचा वास घेतला आणि तिथेच पायाला पाठ टेकून बसली. वीस मिनिटं मी तेच पान वाचत राहिलो. चहा निवला.