खजिना, घोडा आणि लघु

अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात घडलेली विंचेस्टर १८७३ रायफल ज्यांच्या संग्रहात आहे, ते तिच्या अक्रोडाच्या दस्त्यावर आणि लिव्हरच्या खटक्यावर जीव टाकतात. तेवढाच जीव तिच्या भागांच्या नावांवरही टाकावा, असे मला मनापासून वाटते. ही नावे त्या पोलादाहून कितीतरी जुनी आहेत.

रायफलच्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधले ‘रिफ्ले’ हे क्रियापद आहे. खरवडणे, ओरखडे काढणे हा त्याचा अर्थ. नळीच्या आतून पिळाच्या खाचा कोरल्या की गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. त्या कोरण्याचे नाव पुढे हत्यारालाच पडले. आपली ‘बंदूक’ निराळ्या वाटेने आली. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनटचे फळ. त्या फळासारख्या गोळीला ते नाव मिळाले, आणि गोळीवरून ती उडवणाऱ्या हत्याराला.

‘काडतूस’ आपण पोर्तुगिजांकडून घेतले. त्याचे मूळ इटालियन ‘कार्ता’, म्हणजे कागद. पूर्वी मोजून घेतलेली दारू आणि गोळी कागदाच्या सुरळीत बांधत. १८५७ साली ज्या एनफिल्ड काडतुसाच्या चरबीवरून शिपायांत असंतोष भडकला, तेही कागदीच होते. विंचेस्टरचे काडतूस मात्र धातूच्या पुंगळीचे. दारू, गोळी आणि ठिणगी पाडणारा मसाला एकाच पुंगळीत बंद झाला, म्हणून तर काडतुसे एकामागे एक रांगेने भरता आली. बेंजामिन टायलर हेन्री याने १८६० मध्ये पेटंट घेतलेल्या रायफलीत अशी पंधरा-सोळा मावत. विंचेस्टरच्या रायफली तिच्याच वंशातल्या. कागद गेला, पण नावातला कागद राहिला.

ही काडतुसे नळीखालच्या ज्या नळकांड्यात राहतात, ते मॅगझिन. अरबी ‘मख्झन’ म्हणजे कोठार, आणि आपला ‘खजिना’ त्याच धातूतून निघालेला. १७३१ साली लंडनमध्ये ‘जंटलमन्स मॅगझिन’ सुरू झाले, तेव्हापासून नियतकालिकालाही हा शब्द लागू लागला. रायफलीच्या कोठाराची एक शिस्त आहे: प्रत्येक गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकते. टोकदार नाकाने धक्क्यासरशी तिथे बार उडू शकतो, म्हणून या रायफलींच्या गोळ्या परंपरेने चपट्या किंवा बोथट नाकाच्या.

मागच्या बाजूला दिसतो तो घोडा. मराठीने इथे घोडा पाहिला. इंग्रजीने जुन्या बंदुकीच्या त्याच भागात कोंबडा पाहिला, जर्मननेही कोंबडाच, तर फ्रेंच आणि इटालियन भाषांनी कुत्रा. दगड धरून किंवा टोला हाणत झडप घालणारा हा तुकडा सगळ्यांनाच जिवंत वाटला, ही मला मोठी सुंदर गोष्ट वाटते.

आणि ज्यावरून या घराण्याची ओळख, तो लिव्हर. लॅटिन ‘लेव्हारे’ म्हणजे उचलणे, हलके करणे; ते आले ‘लेव्हिस’ म्हणजे हलका यावरून. या ‘लेव्हिस’चा आणि संस्कृत ‘लघु’चा पूर्वज एकच. ‘लघु’ प्राकृतातून येताना अक्षरांची अदलाबदल झाली आणि मराठीला ‘हलका’ मिळाला. म्हणजे लिव्हर आणि हलका हे दूरचे भाऊबंद. हात खाली नेला की रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि घोडा चढतो. हात वर आणला की नवे काडतूस नळीत बसते. इतकी कामे मनगटाच्या एका हेलकाव्यात उरकणाऱ्या दांड्याला याहून नेमके नाव मिळाले नसते.

ज्याच्याकडे अशी रायफल असेल, त्याने तिच्या पोलादाला तेल द्यावेच. पण ती दुसऱ्याला दाखवताना ही नावेही उलगडून सांगावीत. अरब कोठारवाले, इटालियन कागदवाले, फ्रेंच कारागीर आणि प्राकृत बोलणारे आपले पूर्वज या सगळ्यांचा त्या एका यंत्राच्या नावांत वाटा आहे, आणि तो जाणल्याशिवाय तिची मालकी अपुरीच राहते.