आभाळाचं बिल कोण भरणार?

ओझोनची गोष्ट आपण सगळेच शाळेत शिकलो. भोक पडलं, जग जागं झालं, करार झाला, प्रश्न सुटला. मधलं भांडण मात्र पुस्तकात नव्हतं, आणि खरी मजा तिथेच आहे.

१९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी मांडलं की फ्रिज, एसी आणि स्प्रेमधले सीएफसी वायू वर जाऊन ओझोन खातात. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचं 'भोक' जगासमोर आणलं आणि १६ सप्टेंबर १९८७ ला मॉन्ट्रियल करार झालासुद्धा! आमच्याकडे याहून जुने बग पडून आहेत :)

पण भारत आणि चीन त्यात नव्हते. का? समजा, सोसायटीची गच्ची काही जणांनीच वर्षानुवर्षं वापरून खराब केली. आता वॉटरप्रूफिंगचा खर्च सगळ्यांनी सारखा भरायचा म्हटलं, तर कालपरवा राहायला आलेला गप्प बसेल का? करारात गरीब देशांना दहा वर्षांची सवलत होती, पण नवं तंत्रज्ञान घ्यायला पैसे कोण देणार, हे मोघमच होतं. आणि आपल्याकडे तर फ्रिज आत्ता कुठे घराघरांत पोचत होता.

जून १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत तेव्हाच्या पर्यावरण राज्यमंत्री मनेका गांधींनी हाच मुद्दा लावून धरला. शेवटी निधी ठरला: तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर, आणि भारत-चीन आले तर आणखी ८ कोटी. चीन १९९१ ला आला, आपण १९९२ ला. निधीच्या समितीत सात विकसित आणि सात विकसनशील देश. म्हणजे पैसे देणाऱ्याचाच शब्द शेवटचा, असं नाही. मला वाटतं, कराराच्या यशात विज्ञानाइतकाच या सात-सातचा वाटा आहे.

२००९ पर्यंत संयुक्त राष्ट्रांचे सगळे सदस्य देश करारात आले. २०२२ च्या अहवालानुसार अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल.

कार्बनचं गणित अवघड आहे, मान्य. सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या, कोळसा-पेट्रोलवर तर अख्खं जग चालतं. पण पैशाचं भांडण तेच. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. तो आकडा पहिल्यांदा गाठला २०२२ मध्ये, तोही ओईसीडीच्या, म्हणजे बहुतांशी श्रीमंत देशांच्याच हिशोबाने.

असो. 'भारत आडमुठेपणा करतो' असं पुन्हा कुणी म्हणालं, तर त्याला १९९० चं लंडन जरूर सांगा.